कांग यात्से 2 आठ दिवसांत होईल का? आधी रात्री मोजा, मग पैसे भरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, 10-12 वर्षं सह्याद्रीत फिरताय, हिमालयात एक केदारकंठा झालाय, आणि आता ऑगस्टमध्ये लडाखचं कांग यात्से 2 हे सहा हजारी शिखर करायचंय. एका कंपनीने लेह ते लेह 8 दिवसांचा प्लॅन दिलाय, दुसरीने 13 दिवसांचा दिलाय पण ती महाग आहे, सुट्टी मोजून 10 दिवस आहे, फिटनेस चांगला आहे, तर 8 दिवसांचा घेऊ का आणि डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या आजाराची गोळी, घ्यावी का.

मी गेली 14 वर्षं टीम घेऊन वर जातेय, त्यातल्या निम्म्याहून जास्त लडाखमध्ये, म्हणून सरळच सांगते, 8 दिवसांचा घेऊ नका. सुट्टी वाढत नसेल तर यावर्षी शिखर सोडा आणि त्याच्या पायथ्याच्या मारखा व्हॅलीचा नुसता ट्रेक करा, त्याचं शेवटी सांगते. आधी नाही का म्हणतेय ते नीट समजून घ्या, कारण दोन्ही प्लॅनमध्ये शिखर तेच, टेंट तेच, जेवणसुद्धा साधारण तेच, फरक आहे तो फक्त रात्रींचा, आणि खरी किंमत त्या रात्रींचीच आहे.

पुणं 560 मीटरवर आहे. तुम्ही पहाटे निघून दिल्लीमार्गे दुपारपर्यंत लेहला म्हणजे 3500 मीटरवर उतरता. तिथं हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, 21 टक्के, पण हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांश होतो, 5500 मीटरला निम्मा होतो आणि कांग यात्से 2 च्या माथ्यावर, म्हणजे 6250 ला, निम्म्याच्याही खाली जातो. शरीर याच्याशी जुळवून घेतं पण त्याच्या वेगानं घेतं, तुमच्या सुट्टीच्या वेगानं नाही. श्वास पहिल्या दिवशीच वाढतो, मग रक्तातला जास्तीचा अल्कलीपणा किडनी लघवीवाटे बाहेर टाकते त्याला दोन-चार दिवस लागतात, आणि तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. जिमने, पळण्याने, सिंहगड 40 मिनिटांत केल्याने यातलं काहीच लवकर होत नाही. उलट माझा अनुभव असा की सगळ्यात फिट माणूसच आधी आजारी पडतो, कारण तो सगळ्यांच्या पुढे धावतो आणि डोकं दुखतंय हे कबूल करायला शेवटपर्यंत तयार नसतो.

आता तुमचा 8 दिवसांचा कागद बघा. दोन रात्री लेह, तिसऱ्या दिवशी गाडीने शांग सुमदोच्या बाजूला जाऊन पुढं चालत चुस्किर्मोला मुक्काम, तो साधारण 4100, चौथ्या दिवशी 5200 च्या वरची कोंगमारू ला खिंड ओलांडून निमलिंगला मुक्काम, तो 4700, पाचव्या दिवशी बेस कॅम्प 5100, आणि त्याच रात्री बारा-एकला समिटला निघायचं. म्हणजे लेहमधून निघाल्यावर तिसऱ्या रात्री तुम्ही सहा हजारी शिखराच्या वाटेवर आहात. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. या प्लॅनमध्ये तो लागोपाठ दोनदा मोडलाय आणि लेह सोडल्यावर थांबायचा दिवस एकही नाही. तुमचा केदारकंठा 3810 चा, त्यात झोपलात त्याच्याही बरंच खाली, म्हणजे तुमच्या शरीराने 4000 च्या वर आजपर्यंत एकही रात्र काढलेली नाहीये, ते तिथं कसं वागेल हे तुम्हालाच माहीत नाही, मग कंपनीला कुठून माहीत असणार.

13 दिवसांचा प्लॅन याच्या उलट बाजूने जातो, लेहला तीन रात्री, मग चिलिंगवरून झंस्कार नदी ओलांडून मारखा व्हॅलीत, स्क्यू, मारखा, हांकर असं गावागावांतून हळूहळू वर, मग निमलिंगला दोन रात्री, बेस कॅम्पला दोन रात्री, समिट, एक राखीव दिवस, आणि शेवटी कोंगमारू ला ओलांडून बाहेर. गंमत अशी की चिलिंग-स्क्यू लेहपेक्षा खाली आहे, त्यामुळे सुरुवातीला शरीराला फुकट आराम मिळतो. हांकर 4000 आणि निमलिंग 4700, इथं मात्र नियम मोडतोच, म्हणून तर तिथं दोन रात्री हव्यात. कुणी वाटेत थाचुंगत्सेला मुक्काम टाकत असेल तर अजून चांगलं. आता रस्ता व्हॅलीत आत आलाय, स्क्यूच्याही पुढं गाडी जाते, त्यामुळे काही जण तुम्हाला जीपने पुढं सोडून दोन दिवस वाचवतात आणि प्लॅनवर मात्र "मारखा व्हॅली मार्गे" असंच लिहितात. तेव्हा मार्गाचं नाव बघू नका, कुठल्या उंचीवर किती रात्री झोपणार ते एका कागदावर स्वतः लिहून काढा.

छोट्या वाटेची अजून एक अडचण आहे जी कुणी सांगत नाही. उंचीच्या आजारावर एकच खरा उपाय म्हणजे खाली उतरणं. पण तुम्ही खिंड ओलांडून निमलिंगला आलात ना, म्हणजे ज्या रस्त्याने आलात त्याने परत जायचं तर आधी 500 मीटर वर चढावं लागतं. उंचीच्या आजाराने फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला तुम्ही खिंड चढवू शकत नाही. मग उरते मारखाची बाजू, हांकरकडे, जिथली वाट तुम्ही पाहिलेलीच नाही आणि तुमची गाडी डोंगराच्या पलीकडे उभी आहे.

हे मी स्वतः बघितलंय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या टीमबरोबर मी दुसरी लीडर म्हणून गेले होते, प्लॅन असाच छोट्या वाटेचा. टीममध्ये चाळिशीचे एक गृहस्थ होते, मॅरेथॉन पळणारे, खिंडीवर सगळ्यांच्या आधी पोचले आणि निमलिंगलाही सगळ्यांच्या आधी. संध्याकाळी जेवले नाहीत, म्हणाले चहाची वेळ चुकली की माझं डोकं दुखतंच. नऊच्या सुमाराला त्यांचा टेंटमेट मला उठवायला आला की काका स्लीपिंग बॅगची चेन शोधतायत आणि त्यांना ती सापडत नाहीये. मी जाऊन बघितलं तर चेन त्यांच्या हातातच होती. बाहेर काढून जमिनीवर दोरी सरळ टाकली आणि सांगितलं, टाचेला पंजा लावून या दोरीवरून चाला. तिसऱ्या पावलाला दोरी सुटली, चौथ्याला मी धरलं नसतं तर ते पडले असते. डोकेदुखी, उलटी, थकवा इथपर्यंत थांबून वाट बघता येते, पण तोल गेला की मेंदूला सूज आली असं धरायचं आणि सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे डेक्सा, म्हणजे सूज उतरवणारं डेक्सामेथासोन, दिलं, ऑक्सिजन लावला, आणि घोडेवाल्या मुलाला उठवून आम्ही हेडटॉर्च लावून हांकरच्या दिशेने उतरायला लागलो. तो मुलगा घोड्याच्या तोंडाशी चालत होता, मी एका बाजूने काकांच्या मांडीला धरून. थाचुंगत्सेच्या खाली आल्यावर ते पहिल्यांदा नीट वाक्य बोलले, आणि उजाडता उजाडता हांकरला एका घरात बसून त्यांनी स्वतःहून चहा मागितला. त्या रात्रीचं त्यांना नंतर काहीच आठवत नव्हतं. त्या दिवसापासून मी छोट्या वाटेच्या टीम घेणं बंद केलं.

डायमॉक्सचं. हे औषध लक्षणं झाकतं असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. ते किडनीचं अल्कलीपणा बाहेर टाकायचं तेच काम लवकर करवतं, त्यामुळे श्वास वाढतो आणि झोप बरी लागते. लक्षणं झाकतं ते डेक्सा, म्हणून डेक्सा घेऊन वर चढायचं नसतं, उतरायचं असतं. प्रतिबंधासाठी डायमॉक्स साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण डॉक्टरला विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. घरी असताना दोन दिवस घेऊन बघा म्हणजे बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोड्याची चव विचित्र लागते हे वर गेल्यावर नवीन वाटणार नाही. पण 8 दिवसांच्या प्लॅनला डायमॉक्सचा टेकू लावून चालेल असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. विमानाने थेट लेहला उतरताय म्हणून मी तुम्हाला 13 दिवसांच्या प्लॅनलासुद्धा डॉक्टरशी बोलून ठेवा असंच म्हणेन. लेहमधले पहिले दोन दिवस दारू नाही, झोपेची गोळी नाही, शांती स्तूपाच्या पायऱ्या नाहीत आणि खारदुंग ला खिंडीची जीप तर अजिबातच नाही.

रात्री टेंटमध्ये शेजारच्याचा श्वास दहा-पंधरा सेकंद थांबतो आणि मग एकदम मोठ्याने सुरू होतो, हे ऐकून नवी माणसं घाबरतात. उंचीवर हे बहुतेकांना होतं, त्याने घाबरू नका. घाबरायचं ते नुसतं बसलेलं असताना धाप लागली, कोरडा खोकला वाढत गेला, आडवं झाल्यावर जास्त त्रास व्हायला लागला तर. ऑक्सिमीटरवर निमलिंगला 80 च्या आसपास आकडा दिसला म्हणून लगेच कुणी आजारी ठरत नाही, त्या माणसाचा कालचा आकडा काय, आज तो जेवला का, बोलतोय का, हे सगळं मिळून बघायचं असतं. मी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेंटमध्ये प्रत्येकाचा आकडा वहीत लिहिते, पण खरं लक्ष ताटाकडे असतं, कोण ताट तसंच परत देतंय. यासाठीच एक सांगते, पुण्याहून मेतकूट, लोणचं, दाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे घेऊन जा. 5000 च्या वर भूक मरते, पनीर बघवत नाही, पण मऊ भातावर मेतकूट-तूप घातलं की माणसं खातात, हे मी किती वेळा बघितलंय.

आता शिखराबद्दल. 2020 पासून स्तोक कांगरी बंद झालं, स्तोक गावाचं पाणी त्याच हिमनदीवर आणि गर्दीने तिची वाट लागत होती म्हणून गावकऱ्यांनीच ते ठरवलं, आणि तेव्हापासून पहिलं सहा हजारी म्हणून सगळे कांग यात्से 2 कडे वळले. त्याची जाहिरात "नॉन-टेक्निकल, नवशिक्यांना जमेल" अशी होते. खडकावर चढाई नाही हे खरंय, पण बेस कॅम्पवरून दोन-तीन तास घसारा आणि दगडगोटे चढून गेलं की हिमनदी लागते, तिथं बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दात, चढवायचे, एका दोराला सगळ्यांनी बांधून घ्यायचं कारण बर्फाखाली भेगा असतात, आणि मग 40-45 अंशांचा लांबच लांब बर्फाचा उतार, जो अंधारात संपतच नाही. हंगामाच्या शेवटी वरचा मऊ बर्फ वितळून गेलेला असेल तर खालचा काचेसारखा कडक बर्फ उघडा पडतो आणि तोच उतार एकदम वेगळा होतो. घसाऱ्याची सवय सह्याद्रीवाल्यांना असते, उतरताना आपली माणसं बाकीच्यांपेक्षा खरंच चांगली चालतात, पण क्रॅम्पॉनवर पाय रुंद टाकून चालणं, घसरलो तर आइस ॲक्स म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीने स्वतःला रोखणं, जाड ग्लोव्हज घालून दोराची कडी म्हणजे कॅराबिनर उघडणं हे नाणेघाटात शिकता येत नाही. म्हणून बेस कॅम्पला ट्रेनिंगचा दिवस ज्या प्लॅनमध्ये नाही तो प्लॅन मी मोजतच नाही. पुढं डोंगरात राहायचंच असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स करा, त्याला वेटिंग असतं म्हणून आत्ताच फॉर्म भरा.

बूट आणि क्रॅम्पॉन. भाड्याने मिळतात आणि भाड्याचेच घ्या, एका शिखरासाठी विकत घ्यायची गरज नाही, पण लेहमध्ये दुकानातच, जाड मोजे घालून, क्रॅम्पॉन बुटाला बसवून, पट्टा आवळून, जमिनीवर पाय आपटून बघा. एकदा माझ्या टीममध्ये एका मुलीचे बूट-क्रॅम्पॉन पुरवणाऱ्याने पिशवीत बंद करून पाठवले होते आणि आम्ही लेहमध्ये ते उघडून बघितले नाहीत, ही माझीही चूक. बेस कॅम्पला उघडले तर क्रॅम्पॉन मागे खटका बसणाऱ्या प्रकारचे आणि बुटाच्या टाचेला त्यासाठी लागणारी कडच नाही. तिने दोन वर्षं तयारी केली होती. ती 5100 वर बसून राहिली आणि आम्ही वर गेलो. आता मी प्रत्येकाचा जोड लेहला स्वतः बसवून बघते आणि बुटावर टेप लावून नाव लिहिते.

समिटच्या रात्री अकरा ते एकच्या दरम्यान निघतात, कारण रात्री बर्फ घट्ट असतो आणि दुपारी हवा बिघडते. बेस कॅम्पपासून माथा 1150 मीटर, त्या उंचीवर तासाला 150 मीटर चढलात तरी तो चांगला वेग आहे, म्हणजे साडेसात-आठ तास नुसतं चढणं. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं म्हणून झाकण खाली हवं, आणि टॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या ऊबेला. ऊन चढलं की उतारावरचा बर्फ भुसभुशीत होतो, क्रॅम्पॉनखाली त्याचे गोळे चिकटतात आणि पाय घसरतो, त्यामुळे परत फिरायची वेळ आधीच ठरलेली असते, आमची सकाळी नऊची. माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी नऊला फिरायचं. लोक रडतात, भांडतात, पैसे भरलेत म्हणतात, मला वाईट वाटतं पण मी फिरवते. तयारीसाठी सिंहगड चांगला आहे, आतकरवाडीतून वर साधारण 600 मीटर चढ होतो, तो पाठीवर 8-10 किलो घेऊन, बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने, लागोपाठ दोनदा करा आणि दुसऱ्यांदा उतरताना गुडघे काय म्हणतात ते बघा. घड्याळ लावून पळू नका.

कंपनीला काय विचारायचं ते विचारलंत. लीडर कोण आहे, त्याने कुठला कोर्स केलाय आणि हे शिखर किती वेळा केलंय, हे आधी. दोन-तीन जणांमागे एक गाइड वर येणार का. आयएमएफचं, म्हणजे इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनचं, परमिट तुमच्या नावाने काढलंय का. ऑक्सिजन सिलिंडर बेस कॅम्पला असणार की लेहच्या ऑफिसात. राखीव दिवस वापरला तर घोडेवाल्यांचे जादा पैसे कोण देणार, कारण इथंच भांडणं होतात आणि मग खराब हवेत टीम वर ढकलली जाते. आणि कुक, हेल्पर, घोडेवाले यांचा विमा काढलाय का, त्यांच्या पायात बूट काय आहेत, हेही विचारा, उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत उंचीची मर्यादा आणि गिर्यारोहण बसतं का ते वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसींत ते बसत नाही. लेहमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घ्या, आणि वर फोन लागेल असं धरून चालू नका. परदेशातल्या मित्राने सॅटेलाइटवाला ट्रॅकर दिला असेल तर तो घरीच ठेवा, आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे आणि एअरपोर्टवरच पकडतात.

आता तुमच्या 10 दिवसांचं. तीन रात्री लेह, मग स्क्यू, मारखा, हांकर, निमलिंगला दोन रात्री, नवव्या दिवशी कोंगमारू ला ओलांडून लेह, दहाव्या दिवशी विमान, बरोबर बसतं. मारखातल्या होमस्टेमध्ये राहा, गावात पाळीपाळीने पाहुणे देतात त्यामुळे पैसा सगळ्या घरांत जातो, थुक्पा गरम मिळतो आणि टेंटचं ओझंही नाही. नद्या सकाळी लवकर ओलांडा, दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं. निमलिंगच्या मोकळ्या दिवशी बेस कॅम्पपर्यंत चढून या आणि खाली येऊन झोपा, कांग यात्से समोरच उभं असतं, पोटभर बघून घ्या.

आणि रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, चार गोष्टी वहीत लिहा: झोपलात ती उंची, डोकं दुखतंय का, रात्री किती जेवलात, नाडीचे ठोके. पुढच्या वर्षी जो कुणी लीडर तुम्हाला शिखरावर घेऊन जाईल त्याला ती वही द्या, मी असते तर बाकी काही विचारायच्या आधी तीच मागितली असती.